रोलर, रद्दी आणि गायतोंडे

खेड्यापाड्यातल्या मुलांची चित्रकलेशी जी काही ओळख होते, ती बहुतेक एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांच्या दारातून. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि दरवर्षी पोरांना याच दारातून आत ढकलतो. स्मरणचित्रात बैलगाडी बैलगाडीसारखी दिसली पाहिजे. बाजार काढला तर भाजीवाली, तराजू आणि पिशवी धरलेला माणूस ओळखू आला पाहिजे. वस्तुचित्रात बादलीच्या तोंडाचा लंबगोल तिरका झाला की गुण गेले. या परीक्षांना नावं ठेवायची एक फॅशन आहे, मी तिच्यात नाही. लंबगोल नीट बसवता येणं ही लहान गोष्ट नाही, त्याला डोळा आणि हात दोन्ही लागतात. पण एवढं मात्र होतं की त्या दोन परीक्षांमधून गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसते: चित्र म्हणजे कशाचं तरी चित्र.

आणि मग चित्रकार वासुदेव गायतोंडे समोर आले की सगळ्यांचीच पंचाईत होते. त्यांच्या चित्रात बैलगाडी नाही, बादली नाही, झाड, माणूस, क्षितिज काहीच नाही. बहुतेक चित्रांना नावसुद्धा नाही. म्हणजे चित्राखालची पाटी वाचून वेळ मारून नेण्याचीही सोय नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलाव कंपनीने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत केला आणि गायतोंडे यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. त्या दिवशी आमच्या घरी पेपर आप्पांनी आधी वाचला. त्यांनी छापलेलं चित्र चष्मा वर-खाली करून पाहिलं, आकडा पुन्हा वाचला आणि मला विचारलं, ‘इतला पैसा! नि त्यामा शे काय?’ आप्पांची उभी हयात कपाशीत गेली. भाव कसा ठरतो हा त्यांच्या जिव्हाळ्याचा आणि संतापाचा विषय, त्यामुळे प्रश्नात चेष्टा नव्हती. चांगल्या मालाला भाव मिळाला तर त्यांना आनंदच होता, फक्त माल कोणता ते कळायला हवं होतं. पुढे २०२१ मध्ये १९६१ सालच्या एका चित्राला ३९ कोटी ९८ लाख आले, तेव्हा मी तो पेपर त्यांच्यासमोर ठेवला नाही. गायतोंडे यांच्याबद्दल बोलायचं म्हटलं की या आकड्यांपासूनच सुरुवात होते. ज्यांनी आयुष्य एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत, मोजक्या सामानात काढलं, त्यांची ओळख आज कोटींमध्ये सांगितली जाते, हे मला खटकतं. पण आकड्यामुळेच आप्पांनी ते चित्र पाहिलं, हेही खरंच.

गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. घराणं गोव्याचं. वाढ झाली मुंबईत, गिरगावच्या चाळीत. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. त्या काळी जे. जे. मध्ये जगन्नाथ अहिवासी भारतीय पद्धतीची चित्रकला शिकवत, आणि त्या वळणाची छाया गायतोंडे यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर स्वच्छ दिसते. सपाट रंग, ठाम रेषा, बसोली आणि जैन लघुचित्रांची आठवण करून देणाऱ्या आकृत्या. १९५० च्या सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ साली काढलेला हा गट तोवर पांगायला लागला होता. तसेही गायतोंडे गटात रमणारे गृहस्थ नव्हतेच. मग पॉल क्ले हा युरोपातला चित्रकार त्यांच्या वाटेत आला. क्लेच्या चित्रात रेषा वस्तूला बांधलेली नसते, तिला वाटेल तशी ती भटकते. ते पाहून गायतोंडे यांच्या आकृत्या सैल होत गेल्या आणि पन्नासचं दशक संपता संपता आकृती गेली, तिच्यामागोमाग रेषाही गेली. १९५७ साली तोक्योच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं, १९७१ साली पद्मश्री, १९८९ साली कालिदास सन्मान. पुरस्कारांची यादी मी इथेच थांबवतो. तिच्यातून चित्राबद्दल काही कळत नाही.

त्यापेक्षा वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटबद्दल बोलू. समुद्राच्या काठावरची ती जुनी वास्तू म्हणजे मुंबईच्या कलाजगतातली एक विलक्षण धर्मशाळा होती. रविशंकर यांची किन्नर संगीतशाळा तिथे होती. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींची नाटकमंडळी तिथेच काम करायची. हुसेन, गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर, नसरीन मोहमदी यांच्या कामाच्या जागा तिथे होत्या. एवढ्या गजबजाटात गायतोंडे तासन् तास समुद्राकडे बघत बसत, असं त्यांचे स्नेही सांगत. १९६३ साली मॉरिस ग्रेव्ह्‌ज हा अमेरिकन चित्रकार मुंबईत आला. गायतोंडे यांची चित्रं पाहून त्याने न्यूयॉर्कच्या एका गॅलरीवाल्याला पत्र लिहिलं आणि त्यात त्यांना न्यूयॉर्कच्या मार्क रॉथको या नामवंत चित्रकाराच्या पंगतीला बसवलं. पुढच्या वर्षी रॉकफेलर घराण्याच्या निधीतून शिष्यवृत्ती मिळाली आणि गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. यावरून काही लोक ते रॉथकोकडून शिकले असं सांगतात. साल बघितलं तर ग्रेव्ह्‌जचं पत्र आधीचं, न्यूयॉर्क नंतरचं. रोलरसुद्धा त्यांच्या हातात साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच आला होता.

रोलरवर मला जरा थांबायचं आहे, कारण माझ्या मते गायतोंडे यांचं सगळं मर्म तिथे आहे.

ब्रश मनगटाचं ऐकतो. ब्रशने ओढलेल्या फटकाऱ्यात माणूस दिसतो, त्याची घाई, जोर, लकब, वेळप्रसंगी त्याचा अहंकारही. जाणकार माणूस एका फटकाऱ्यावरून चित्रकार ओळखतो. रोलर हे सगळं पुसून टाकतो. घर रंगवणाऱ्या दोन कारागिरांनी रोलर फिरवला तर कोणती भिंत कुणाची ते सांगता येत नाही. गायतोंडे यांनी ही वस्तू जाणूनबुजून उचलली. रोलरने कॅनव्हासवर पातळ थर द्यायचा, थांबायचं, त्यावर दुसरा थर द्यायचा, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, तो कुठे दाबायचा, कुठे खरवडायचा. मग कागद घ्यायचा, वर्तमानपत्राचा किंवा मासिकाचा फाडलेला तुकडा. त्याला रंग लावून तो कॅनव्हासवर दाबायचा, किंवा कोरडाच ओल्या रंगावर ठेवून रंग उचलून घ्यायचा. वरचा थर निघाला की खालचा दिसतो. त्यांच्या चित्रात जे गूढ लिपीतल्या अक्षरांसारखे, कातरलेल्या कडांचे आकार तरंगताना दिसतात, ते पुष्कळदा असे उमटलेले किंवा उचललेले असतात. आणि तो प्रसिद्ध ‘आतून येणारा प्रकाश’? तोही याच कामातून येतो. पातळ, पारदर्शक थरांतून उजेड खालच्या उजळ थरापर्यंत पोचतो आणि परत फिरतो. जाड, अपारदर्शक रंगात तो वरच्या वर अडला असता.

यात थांबणं हा भाग कुणी मोजत नाही. तेलरंग वाळतो म्हणजे पाण्यासारखा उडून जात नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत हळूहळू घट्ट होत जातं. आज हाताला चिकट, उद्या रबरासारखा, काही दिवसांनी टणक. यातल्या प्रत्येक अवस्थेत तो कागदाशी, सुरीशी वेगळा वागतो. गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करत. ऐकणाऱ्याला तो आळस वाटतो किंवा साधना वाटते, ज्याचा जसा स्वभाव. मला त्यात रंगाचं वेळापत्रक दिसतं. एका चित्रात इतके थर आणि प्रत्येक थराला स्वतःचा वेळ, मग चित्र घाईत होणार कसं? शिवाय पुढचा थर कोणता, हे ठरवायलाही माणसाला बसून राहावं लागतं.

पोरांना हे सांगून कळणार नव्हतं, म्हणून एका वर्षी परीक्षा संपल्यावर आम्ही ते करूनच बघितलं. वर्गात कॅनव्हास परवडणं शक्य नव्हतं. खोक्यांचे पुठ्ठे कापले, त्यांना प्रायमर मारला. शाळेची दारं रंगवून उरलेल्या ऑइल पेंटचे डबे शिपाईमामांनी काढून दिले, वर एक ताकीद: फरशीवर सांडलं तर तुम्हीच घासायचं. तीन इंची रोलर हार्डवेअरच्या दुकानातून आणले. टर्पेंटाइन, जवसाचं तेल आणि रद्दी. रद्दी कमी पडणार नव्हतीच.

पहिला गोंधळ कागद उचलण्याचा. ज्या पोरांनी रोलर फिरवून लगेच कागद दाबला, त्यांचा सगळा रंग कागदाबरोबर निघून आला आणि पुठ्ठा पांढरा फटक. ‘सर, रंग उपडी ऱ्हायना!’ काहींना मी थांबायला सांगितलं, ती खेळायला गेली ती घंटा झाल्यावरच आली. तोवर कागद रंगात असा रुतला होता की ओढताना त्याच्या चिंध्या झाल्या. ‘मना कागद फाटना!’ मार्चच्या अखेरचं आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, पारा चाळिशीच्या आसपास घुटमळत असतो आणि पत्र्याच्या वर्गात पातळ केलेला पेंट बघता बघता चिकट होतो. मग एका पोरीने आपणहून शोध लावला. ती पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बोट टेकवून बघायची. रंग बोटाला लागत नाही, पण बोटाचा ठसा मात्र उठतो, अशा वेळी कागद ठेवायचा. तिच्या पुठ्ठ्यावर निळ्याखालून पिवळा असा काही वर आला की सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती जमला. कुणीही तिला हे काय आहे म्हणून विचारलं नाही. सगळे विचारत होते, हे कसं झालं? कितीदा फिरवला, किती वेळ ठेवला, कागद कोणता होता, गुळगुळीत का खरबरीत?

त्या दिवसापासून मला वाटू लागलं की अमूर्त चित्रापुढे आपण नको तो प्रश्न धरून बसतो. काय आहे याला गायतोंडे यांच्याकडे उत्तर नाही. ते आपली चित्रं अमूर्त मानतही नसत. अमूर्त करायचं म्हणजे आधी काहीतरी मूर्त हवं, आणि यांचा आरंभच वस्तूपासून होत नव्हता. पण कसं झालं, याला प्रत्येक इंचावर उत्तर आहे. इथे रंग दाटला, इथे खरवडला, इथे कागदाची कड उमटली, इथे ती मुद्दाम पुसली. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या, शिंप्याच्या घरातलं पोर हा प्रश्न जन्मतः घेऊन येतं. कॉलेजात शिकलेले आपण तो विसरतो आणि अर्थ शोधत बसतो.

अर्थ शोधणाऱ्यांत आमच्या अमळनेरचा हात कुणी धरू नये. हे गावच तत्त्वज्ञानाचं. प्रताप शेठजींनी कापसाच्या, गिरणीच्या पैशातून १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. जी. आर. मलकानींसारखा अद्वैताचा अभ्यासक इथे राहून लिहीत होता. साने गुरुजीही शाळेत शिकवायला येण्याआधी इथे काही काळ अभ्यास करून गेले. त्या आवारात अजूनही एक निवांतपणा आहे आणि त्याच्या हवेत वाढलेल्या माणसांशी गप्पा मारायला मला आवडतं. पण त्यांना गायतोंडे दाखवले की ते तत्काळ ब्रह्मावर जातात. माझे एक ज्येष्ठ स्नेही मोबाइलवर चित्र बघून म्हणाले, ‘नाम नाही, रूप नाही, बाबा, हे तर नेति नेति.’ आता गायतोंडे झेन वाचत होते, रमण महर्षी आणि जे. कृष्णमूर्ती वाचत होते. गिरगावातच खेतवाडीच्या गल्लीत विड्यांचं दुकान चालवून वेदान्त सांगणाऱ्या निसर्गदत्त महाराजांच्या विचारांचीही त्यांना ओढ होती. शांततेबद्दल ते स्वतःच बोलत. त्यामुळे माझ्या स्नेह्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तक्रार एवढीच की त्यांनी चित्र दोन सेकंद बघितलं आणि नेति नेतिवर वीस मिनिटं बोलले.

ऋषी गायतोंडे ही जी प्रतिमा झाली आहे, एकटे, अबोल, लग्न नाही, घरच्यांशी संबंध नाही, दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, बसून ध्यान लावणारे, ती मला पूर्ण पटत नाही. १९७२ साली ते मुंबई सोडून दिल्लीला गेले आणि कमी लोकांत मिसळू लागले हे खरं. पण ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांच्या बोलण्यात दुसरेही गायतोंडे येतात. फटकळ, स्वतःच्या मोलाची पुरेपूर जाणीव असलेले, सिनेमा आणि संगीत आवडीने बघणारे-ऐकणारे. नसरीन मोहमदी, लक्ष्मण श्रेष्ठ यांच्यासारख्या धाकट्या चित्रकारांना त्यांचा आधार वाटे, राम कुमार यांच्याशी मैत्री होती. ऋषी म्हटलं की आपली सुटका होते. ऋषीला सगळं आपोआप दिसतं, त्याला रंग वाळण्याची वाट बघावी लागत नाही. कारागीर म्हटलं की त्याच्या हाताकडे बघावं लागतं.

एकांताचंच म्हणाल तर आम्हा खान्देशी लोकांना त्याचं फार अप्रूप नाही. चाळीसगावला स्टेशनजवळच्या बंगल्यात केकी मूस राहून गेले. परदेशात कला शिकून आलेला हा माणूस चाळीसगावच्या त्या घरात दार लावून बसला आणि १९८९ साली वारला तोवर जवळजवळ बाहेर पडलाच नाही. दर रात्री पंजाब मेल यायच्या वेळी दार उघडून कुणाची तरी वाट बघायचे, ही दंतकथा आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते, आणि तिच्या पायी मूस यांचं काम मागे पडतं. त्यांची टेबल-टॉप फोटोग्राफी नीट बघा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, उजेड असा पाडायचा की बघणाऱ्याला अख्खं निसर्गदृश्य दिसावं. म्हणजे मूस घरात बसून नसलेली दुनिया हुबेहूब उभी करत होते, आणि त्याच काळात गायतोंडे समोर पसरलेला समुद्र बघत असूनही कॅनव्हासवर त्याची खूण राहू देत नव्हते. दोघांनीही दार लावलं, पण एकाने सादृश्याचा कळस गाठला आणि दुसऱ्याने ते मुळातूनच खणून काढलं. एकांतावरून कलेबद्दल काही ठरवता येत नाही, हे सांगायला मला याहून चांगली जोडी मिळणार नाही.

सादृश्य खणून काढणं किती अवघड असतं ते बघणाऱ्याकडून कळतं. गायतोंडे यांचं पिवळं चित्र खान्देशी माणसाला दाखवा, तो वैशाखातली दुपार म्हणेल. करडं-हिरवट दाखवा, तापीचा गाळ म्हणेल. तांबूस दाखवलं तर पेरणीआधीची संध्याकाळ. डोळा मोकळी जागा सोडतच नाही, काहीतरी आणून बसवतो. मी पोरांना तसं करू नका म्हणून सांगत नाही, ते आपोआप होतं. तेवढं झाल्यावरही तिथे उभं राहा, एवढंच सांगतो. दोन-चार मिनिटांनी गाळ दिसेनासा होतो आणि रंग दिसायला लागतो.

याचा सराव आम्हाला अजिंठ्यात मिळतो. लेणी खान्देशाच्या सीमेबाहेर असली तरी जळगावहून तासा-दीड तासावर आहेत आणि शाळेची सहल तिथे हमखास जाते. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथे येत आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत. त्या नकला लंडनला पाठवल्या आणि पुष्कळशा तिथल्या आगीत जळाल्या. सगळे पर्यटक पद्मपाणीपुढे गर्दी करतात. मी पोरांना बाजूला नेतो, जिथे चित्र गळून गेलंय. भुसा आणि तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याची पातळ निवळी, त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. मधूनच एखादा निळा ठिपका, लांबून आणलेल्या लाजवर्दाचा. हे सगळे थर तिथे उघडे पडलेत, एकाखालून एक. तिथे उभं राहून रंग कसा बसला आणि कसा गेला ते बघायचं. ज्या पोराला तिथे पाच मिनिटं कंटाळा आला नाही, त्याला गायतोंडे जड जात नाहीत. अर्थात अजिंठ्यात हे काळाने आणि ओलीने केलं, इथे माणसाने ठरवून केलं आहे. हा फरक मोठा आहे आणि तो पोरांच्या आधीच लक्षात येतो.

१९८४ साली दिल्लीत रिक्षाच्या अपघातात गायतोंडे जबर जखमी झाले. मान दुखावली, मोठ्या कॅनव्हासवर रोलर चालवण्याची ताकद गेली. पुढची काही वर्षं त्यांनी कागदावर शाईने लहान लहान रेखाटनं केली. ज्या माणसाने रेषा सोडून दिली होती तो नाइलाजाने पुन्हा रेषेकडे आला, आणि त्या रेषा मला फार आवडतात. त्यांच्यात कसलीच प्रौढी नाही. दशकाच्या शेवटी ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. नव्वदीच्या दशकातली काही चित्रं तर त्यांच्या उत्तम चित्रांत मोजली जातात. मग हळूहळू काम थांबलं. आता मी मनातच चित्रं काढतो, अशा अर्थाचं ते बोलत, असं त्यांना भेटलेल्यांनी सांगितलंय. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गुडगावला वारले. जाताना फार थोडी माणसं जवळ होती. २०१४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तिथून ते व्हेनिसला गेलं.

मनातली चित्रं हे ऐकायला छान वाटतं आणि ऋषीवाल्यांना तर फारच. मला त्यात मान न वळणारा, हात न उचलणारा एक म्हातारा चित्रकार दिसतो. काम करता येत नाही हे तो आपल्याला रडगाणं न गाता सांगतोय. ते समाधीचं वाक्य असेलही. शरीराचंही असू शकतं.

खरं चित्र बघायचं तर मुंबई गाठावी लागते. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या पुढाकाराने जमवलेल्या संग्रहात गायतोंडे आहेत, पण तिथे सहज जाता येत नाही. सोपी जागा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथला जहांगीर निकल्सन संग्रह. निकल्सन हे कापसाचे व्यापारी. त्यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीपासून आधुनिक भारतीय चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली आणि गायतोंडे यांची कितीतरी कामं जमवली. हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. कापूस! ते विचारात पडले आणि मग म्हणाले, व्यापाऱ्याकडे गेलेल्या पैशाचं निदान एवढं तरी झालं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अमळनेर, जळगाव किंवा चाळीसगावहून रात्रीच्या गाडीत बसा, सकाळी दादर किंवा सीएसएमटीला उतरा. निघण्याआधी संग्रहालयात फोन करून गायतोंडे सध्या भिंतीवर आहेत का ते विचारा, कारण तिथली मांडणी बदलत असते. आत गेल्यावर आधी चार पावलं लांबून बघा, मग जवळ जा, आणि शेवटी बाजूला सरकून तिरक्या नजरेने बघा. तिरकं पाहिलं की थरांची उंचसखल कळते, कागदाची कड कुठे उमटली, सुरी कुठे लागली ते दिसतं. छापील चित्रात किंवा मोबाइलवर यातलं काहीच येत नाही. फार जवळ गेलात तर पहारेकरी टोकेल. टोकू द्या, मागे व्हा, त्याची पाठ वळली की पुन्हा वाका. फक्त हात लावू नका.